प्रतिमेची साक्ष

शाळेच्या कार्यालयात पाऊल टाकले, की समोरच्या भिंतीवर थोर स्त्रीपुरुषांच्या तसबिरींची एक ओळ दृष्टीस पडते. ३ जानेवारी, १९ फेब्रुवारी, ११ एप्रिल, १४ एप्रिल, १ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवशी त्यांतील एकेक तसबीर खाली उतरते. तिच्यावरील धूळ पुसली जाते, तिला पुष्पहार घातला जातो आणि एखादा विद्यार्थी चार शब्द बोलतो. मग ती तसबीर पुन्हा आपल्या जागी जाते. हा क्रम इतका अंगवळणी पडलेला असतो, की एक साधा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. तो प्रश्न असा : ही माणसे खरोखर अशीच दिसत होती काय? आणि तसे असल्यास, ते आपणांस कशावरून कळले?

हा प्रश्न विचारण्यात थोरांचा अनादर नाही. ज्याच्यावर आपली श्रद्धा आहे, त्याचे खरे रूप जाणून घ्यावे असे वाटणे हे श्रद्धेचेच लक्षण होय. न्यायालयात साक्षीदार उभा राहिला म्हणजे न्यायाधीश त्याला विचारतात, "तू हे स्वतः पाहिलेस काय? केव्हा पाहिलेस? कोठून पाहिलेस?" प्रतिमा ही देखील एक साक्षच आहे. छायाचित्र एक प्रकारची साक्ष देते, रेखाचित्र दुसऱ्या प्रकारची, भित्तिपत्रक तिसऱ्या आणि पुतळा चौथ्या प्रकारची. या चौघांची साक्ष कशी ऐकावी, हे आज आपण पाहू.

त्यासाठी फार दूर जावयास नको. नाशिक जिल्ह्यातील देवळा हे तालुक्याचे गाव घ्या. कांद्याच्या शेतांनी वेढलेल्या या तालुक्यातील उमराणे गावावरून मुंबई-आग्रा महामार्ग जातो. या महामार्गाने एका दिशेस गेले, की नाशिक लागते आणि नाशिकजवळ त्र्यंबकेश्वर आहे. दुसऱ्या दिशेस मालेगावावरून पुढे गेले, की धुळे लागते आणि धुळ्याजवळ गोंदूर नावाचे खेडे आहे. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या एका मुलाने पुढे छपाईची आणि चित्रपटाची कला आत्मसात केली. गोंदूरला जन्मलेल्या एका मुलाने देशातील सर्वांत उंच पुतळा घडविला. त्या दोघांची भेट आपण पुढे घेणारच आहोत. तत्पूर्वी, छायाचित्राचा शोध लागण्याच्या फार पूर्वीच्या एका प्रतिमेपासून आरंभ करू.

छत्रपती शिवाजी महाराजांचे निधन १६८० साली झाले. त्या काळी कॅमेरा नव्हता. मग आज घरोघरी दिसणारी त्यांची मुद्रा आली कोठून? सुदैवाने महाराजांच्या काळातील आणि त्यांच्या निधनानंतरच्या लगतच्या काळातील काही लघुचित्रे उपलब्ध आहेत. ती दख्खनी शैलीतील असून डच व्यापाऱ्यांसारख्या परकीयांच्या हातून युरोपात गेली. त्यांपैकी एक लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये व एक ॲमस्टरडॅमच्या राईक्स म्युझियममध्ये आहे. निकोलाओ मनुची नावाच्या व्हेनिसच्या प्रवाशाने मीर महंमद या चित्रकाराकडून हिंदुस्थानातील राजपुरुषांची चित्रे काढवून घेतली होती. त्यांत महाराजांचेही चित्र होते व तो संग्रह पॅरिसला गेला. या जुन्या चित्रांतून सरळ व टोकदार नाक, विशाल नेत्र, निमुळती दाढी आणि मस्तकावरील शिरोभूषण ही लक्षणे पुनःपुन्हा आढळतात. निरनिराळ्या साक्षीदारांचे म्हणणे जेथे जुळते, तेथे विश्वास ठेवावयास जागा असते.

जेथे जुळत नाही, तेथे काय करावे? त्याचेही एक उदाहरण येथेच मिळते. सुरतेच्या इंग्रज वखारीतील एस्कॅलिऑट या धर्मोपदेशकाने १६६४ साली लिहिलेल्या पत्रात महाराजांचे वर्णन आहे आणि त्याच सुमारास हिंदुस्थानात आलेल्या थेव्हनो या फ्रेंच प्रवाशानेही ते केले आहे. या दोघांचे लेखन मुख्यतः इतरांकडून ऐकलेल्या माहितीवर आधारलेले होते. एक म्हणतो, वर्ण उजळ. दुसरा म्हणतो, वर्ण सावळा. मात्र महाराजांची नजर अतिशय तीव्र व चपळ होती, याविषयी दोघांचेही एकमत आहे. वर्णाबद्दल साक्षीदार भांडले, परंतु डोळ्यांबद्दल भांडले नाहीत. पाहणाऱ्याच्या मनावर सर्वांत खोल ठसा कशाचा उमटला, हे यावरून कळून येते.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. एके काळी दुसऱ्याच एका सरदाराचे चित्र शिवाजी महाराजांचे म्हणून छापले जात असे आणि लोक ते भक्तिभावाने पाहत असत. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी जुनी कागदपत्रे व चित्रे धुंडाळून ही चूक दाखवून दिली आणि महाराजांचे विश्वसनीय चित्र विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महाराष्ट्रापुढे आणले. लोकांची भक्ती खरी होती, पण चित्र खोटे होते. भक्ती खरी असेल, तर चित्र सुधारले म्हणून ती कमी होत नाही. उलट योग्य मुखाकडे पाहून ती अधिक स्थिर होते.

संतांच्या बाबतीत मात्र असा आधारही पुष्कळदा मिळत नाही. संत ज्ञानेश्वरांची जी चित्रे आपण पाहतो, ती चित्रकारांच्या कल्पनेतून उतरलेली आहेत. संत तुकारामांचे उदाहरण तर फारच बोधप्रद आहे. १९३६ साली प्रभात फिल्म कंपनीचा 'संत तुकाराम' हा चित्रपट प्रकाशित झाला. त्यात तुकोबांची भूमिका विष्णुपंत पागनीस यांनी केली. ती लोकांच्या मनात इतकी ठसली, की तुकोबा म्हटले म्हणजे पागनीसांचीच मुद्रा अनेकांच्या डोळ्यांपुढे उभी राहू लागली. सतराव्या शतकातील संताला विसाव्या शतकातील नटाने चेहरा दिला! यात फसवणूक नाही. पण चित्राखाली उभे राहताना हे कल्पनाचित्र आहे, एवढे भान आपण ठेवावयास हवे.

१८३९ साली फ्रान्समध्ये दागेर याची छायाचित्रणाची रीत जगजाहीर झाली आणि साक्षीदारांच्या मेळाव्यात एक नवा साक्षीदार येऊन दाखल झाला. हा साक्षीदार यंत्र होता. सुमारे पंधरा वर्षांत, म्हणजे १८५४ साली, मुंबईत छायाचित्रकारांची संस्था स्थापन झालेली होती. प्रारंभीच्या छायाचित्रणात काचेवर प्रकाशाचा ठसा उमटावयास बराच वेळ लागे. तोवर माणसाला निश्चल बसून राहावे लागे. मान हलू नये म्हणून डोक्यामागे लोखंडी आधार देण्याचीही पद्धत होती. इतका वेळ हसू टिकवून धरणे कोणास शक्य आहे? म्हणून त्या काळातील पुष्कळ थोर माणसे आपणांस गंभीर, किंबहुना कठोर भासतात. ती स्वभावाने तशी होती असे समजू नये. तो गंभीरपणा काही अंशी यंत्राचा आहे.

छायाचित्राची साक्ष किती मोलाची असू शकते, ते पाहावयाचे असेल, तर १८८५ सालचे एक छायाचित्र पाहावे. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकणाऱ्या तीन विद्यार्थिनी त्यात आहेत. एक जपानची केई ओकामी, दुसरी सीरियाची सबात इस्लामबूली आणि तिसरी आपली आनंदीबाई जोशी. प्रत्येकीने आपापल्या देशाचा पोशाख केलेला आहे. आनंदीबाई लुगडे नेसल्या आहेत. ज्या काळी स्त्रीने घराचा उंबरठा ओलांडून शाळेत जाणे हेही अनेकांना रुचत नव्हते, त्या काळी वीस वर्षांची ही तरुणी सातासमुद्रांपलीकडे वैद्यकशास्त्र शिकत होती. पुढच्याच वर्षी, १८८६ साली, तिला वैद्यकीय पदवी मिळाली आणि १८८७ साली अकाली मृत्यूने तिला आपल्यातून नेले. ग्रंथातील वर्णन वाचून कोणी शंका घेईल. पण हे छायाचित्र समोर ठेवले, की शंकेला जागा उरत नाही. त्या तिघींची नावे व त्यांचे देश छायाचित्राखाली लिहून ठेवलेले आहेत, म्हणून ही साक्ष पूर्ण झाली. नावे लिहिली नसती, तर आज आपण तीन अनोळखी स्त्रियांकडे पाहत राहिलो असतो.

असे असले तरी, छायाचित्र सर्व काही सांगते असे मात्र समजू नये. १९४६ साली पुण्यात मार्गारेट बर्क-व्हाइट या अमेरिकन छायाचित्रकार बाईंनी महात्मा गांधींचे जे छायाचित्र घेतले, ते जगभर प्रसिद्ध आहे. गांधीजींच्या सहकाऱ्यांनी या बाईंना प्रथम चरखा चालवावयास शिकण्याची अट घातली. खोलीत उजेड कमी होता आणि डोळे दिपविणारे दिवे गांधीजींना नकोसे वाटत. म्हणून मोजून तीनच दिव्यांची परवानगी मिळाली. पहिले दोन प्रयत्न वाया गेले, तिसरा साधला. या चित्रात गांधीजी सूत कातताना दिसतात असे पुष्कळांना आठवते. पण नीट पाहा. गांधीजी मागे बसून हातातील कात्रणे वाचीत आहेत, आणि पुढे, अगदी आपल्या नजरेजवळ, चरखा आहे. माणूस मागे आणि त्याचे साधन पुढे, अशी ही मांडणी छायाचित्रकाराने योजलेली आहे. यंत्राला डोळा असतो, पण तो कोठे रोखावयाचा, हे माणूसच ठरवितो.

आपल्या खिशातील नोटेवर गांधीजींची हसरी मुद्रा असते. १९९६ साली सुरू झालेल्या नोटांच्या मालिकेपासून ही मुद्रा आपल्या नित्य परिचयाची झाली. ती देखील १९४६ सालच्याच एका छायाचित्रावरून घेतलेली आहे. मूळ छायाचित्रात गांधीजी एकटे नाहीत. त्यांच्याशेजारी ब्रिटिश मंत्री लॉर्ड पेथिक-लॉरेन्स उभे आहेत. शेजारचा मनुष्य वगळला गेला आणि हसू तेवढे राहिले. स्वातंत्र्याच्या वाटाघाटींच्या काळातील ते हसू आता बाजारहाट करताना आपल्या हातून जात-येत असते. छायाचित्र खोटे बोलले नाही. पण चौकटीबाहेर काय राहिले, हे विचारल्यावाचून त्याची गोष्ट पुरी होत नाही.

आता रेखाचित्राकडे वळू. १९३० साली गांधीजींनी मिठाच्या सत्याग्रहासाठी दांडीची पदयात्रा केली. त्या प्रसंगी शांतिनिकेतनातील थोर चित्रकार नंदलाल बोस यांनी गांधीजींची एक प्रतिमा केली. लिनोलियमच्या गुळगुळीत पृष्ठभागावर चित्र कोरावयाचे, वर शाई फिरवावयाची आणि कागद दाबून ठसा घ्यावयाचा, अशी ही रीत आहे. जेथे कोरले, तेथे शाई लागत नाही. तो भाग पांढरा राहतो. या चित्रात काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेषांनी काठी घेऊन चालणारे गांधीजी उमटले आहेत. चेहऱ्याचे बारकावे त्यात फारसे नाहीत. डोळ्यांचा रंग नाही, कातडीवरील सुरकुत्या नाहीत. तरीही चित्र पाहताक्षणी मनुष्य ओळखू येतो. कारण चित्रकाराने चेहऱ्याऐवजी चाल पकडली आहे. पुढे झुकलेले शरीर, हातातील काठी आणि टाकलेले पाऊल यांतच त्या मनुष्याचा निश्चय साठलेला आहे. छायाचित्र पुष्कळ गोष्टी एकदम टिपते. रेखाचित्र पुष्कळ गोष्टी सोडून देते. काय ठेवावे आणि काय सोडावे, या विवेकालाच चित्रकला म्हणतात.

एकच चित्र एकाच भिंतीवर राहिले, तर ते थोड्यांनाच दिसेल. ते हजारो घरांत पोहोचविण्याचे कार्य छपाईने केले. १८९४ साली राजा रविवर्मा यांनी मुंबईत शिळाछापखाना काढला. तो पुढे लोणावळ्याजवळील मळवली येथे गेला. शिळाछापात दगडाच्या सपाट पृष्ठावर तेलकट खडूने चित्र उतरवितात. रंगीत चित्रासाठी प्रत्येक रंगाचा दगड निराळा असे व एकाच कागदावर एकामागून एक ठसे अचूक बसवावे लागत. ही चित्रे देवादिकांची असत. पण त्यांनी सामान्य माणसाला घराच्या भिंतीवर रंगीत चित्र लावण्याची सवय लावली. पुढे त्याच भिंतीवर, देवांच्या शेजारी, देशाच्या पुढाऱ्यांनाही जागा मिळाली.

आपण ज्यांची भेट घेणार होतो, ते त्र्यंबकेश्वरचे गृहस्थ याच छपाईच्या क्षेत्रात वाढले. त्यांचे नाव धुंडिराज गोविंद फाळके. त्यांचा जन्म १८७० सालचा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत व बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी शिक्षण घेतले. त्यांनी छायाचित्रे काढली, रविवर्मा छापखान्यासाठी काम केले, स्वतःचा छापखाना उभारला आणि १९०९ साली रंगीत छपाईची माहिती घेण्यासाठी ते जर्मनीस जाऊन आले. स्थिर चित्राच्या सर्व वाटा चालून झाल्यावर त्यांनी चित्राला चालावयास लावले. ३ मे १९१३ रोजी त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत लोकांसमोर आला. भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून आपण दादासाहेब फाळके यांना ओळखतो, ते यामुळेच.

चित्रपटांबरोबर भित्तिपत्रके आली. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर हे चित्रकार, शिल्पकार व चित्रपट दिग्दर्शक होते. आपल्या चित्रपटांची भित्तिपत्रके ते स्वतः रंगवीत. भित्तिपत्रकाचा धर्म निराळा असतो. तसबिरीपुढे माणूस थांबतो. भित्तिपत्रकावरून तो चालत पुढे जातो. चालत्या माणसाला क्षणार्धात ओळख पटली पाहिजे. म्हणून भित्तिपत्रक करणारा कलावंत बारकावे टाकून देतो आणि दोनतीन ठळक खुणा पकडतो. पगडी व भरघोस मिशा म्हटले, की लोकमान्य टिळक; निळा कोट, चष्मा व हातातील ग्रंथ म्हटले, की डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ही संक्षेपाची कला कोठवर जाऊ शकते पाहा. २०१४ साली सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानाचे बोधचिन्ह कोल्हापूरचे अनंत खासबारदार यांनी तयार केले. त्यात गांधीजींचा चेहराच नाही. आहे तो केवळ त्यांचा गोल काचांचा चष्मा! चेहरा काढून टाकला, तरी माणूस शिल्लक राहिला.

पण या कलेत एक धोकाही आहे. खुणा फार पाठ झाल्या, म्हणजे माणूस विसरला जातो. लोकमान्य म्हणजे पगडी नव्हे आणि गांधीजी म्हणजे चष्मा नव्हे. खूण ही दारावरील पाटी आहे. पाटी वाचून जो परत फिरला, त्याने घर पाहिले असे म्हणता येणार नाही.

सर्वांत शेवटी पुतळ्याचा विचार करू. चित्राला समोरची एकच बाजू असते. पुतळ्याभोवती मात्र आपण फिरू शकतो. तेव्हा शिल्पकाराला पाठही ठाऊक असावी लागते. प्रथम लोखंडी सांगाड्यावर ओली माती चढवून आकृती घडवितात. तिच्यावरून प्लास्टरचा साचा घेतात आणि शेवटी तापवून वितळविलेले ब्राँझ, म्हणजे तांबे व कथील यांचा मिश्रधातू, साच्यात ओततात. मातीत झालेली चूक बोटाने पुसता येते. धातूत गेलेली चूक शतकानुशतके राहते.

अलिबागजवळील सासवने या गावी १८९१ साली जन्मलेले विनायक पांडुरंग करमरकर लहानपणी देवळाच्या भिंतीवर चित्रे काढीत. तेथे त्यांनी काढलेले शिवाजी महाराजांचे चित्र ऑटो रॉथफिल्ड या जिल्हाधिकाऱ्याने पाहिले आणि मुलाचे गुण ओळखून त्याला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत जाण्यास साहाय्य केले. पुढे याच करमरकरांनी पुण्याच्या श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारातील महाराजांचा भव्य अश्वारूढ पुतळा घडविला. १९२८ साली त्याचे अनावरण झाले. देवळाच्या भिंतीवरील एका बालचित्रातून निघालेली वाट येथवर आली. मुलाच्या हातातील कोळशाचा तुकडा हिसकावून घेण्यापूर्वी त्याने काय काढले आहे ते एकदा पाहावे, हा बोध थोरामोठ्यांनीही यातून घेण्यासारखा आहे.

आता धुळ्याजवळच्या गोंदूरला जाऊ. तेथे १९२५ साली एका सुतारकाम करणाऱ्या कुटुंबात राम सुतार यांचा जन्म झाला. श्रीराम कृष्ण जोशी या शिक्षकांनी त्यांच्या हातातील कला हेरली आणि त्यांना मुंबईच्या कलाशाळेची वाट दाखविली. तेथे १९५३ साली त्यांनी सुवर्णपदक मिळविले. पुढे काही वर्षे त्यांनी पुरातत्त्व खात्यात अजिंठा-वेरूळ येथील प्राचीन शिल्पांच्या दुरुस्तीचे काम केले. त्यांनी घडविलेल्या गांधीजींच्या अर्धपुतळ्याच्या प्रतिकृती परदेशांत अनेक ठिकाणी आहेत. गुजरातेत नर्मदेच्या काठी केवडिया येथे ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी सरदार वल्लभभाई पटेल यांच्या ज्या पुतळ्याचे अनावरण झाले, त्याचे शिल्पकारही तेच. त्याची उंची १८२ मीटर आहे. सरदारांचे निधन १९५० सालीच झाले होते. तेव्हा एवढ्या प्रचंड आकृतीला आधार होता तो सपाट कागदावरील छायाचित्रांचा. एका साक्षीदाराने जे टिपून ठेवले, त्याच्या बळावर दुसऱ्या साक्षीदाराने आपली साक्ष उभी केली.

परंतु पुतळ्याचे महत्त्व उंचीवर मोजू नये. ९ डिसेंबर १९५० रोजी कोल्हापूरच्या बिंदू चौकात भाई माधवराव बागल यांच्या पुढाकाराने महात्मा जोतीराव फुले व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे अर्धपुतळे उभारण्यात आले. बाबासाहेब तेव्हा हयात होते. १९६७ साली संसदेच्या आवारात शिल्पकार ब्रह्मेश वाघ यांनी घडविलेला बाबासाहेबांचा पूर्णाकृती पुतळा बसविण्यात आला. एका हातात राज्यघटना आणि दुसऱ्या हाताचे बोट पुढे केलेले, अशी ती मूर्ती आहे. या रूपाच्या असंख्य प्रतिकृती आज गावोगावी आढळतात. कित्येक पुतळे गावकऱ्यांनी वर्गणी काढून साध्या सिमेंटचे करून घेतलेले असतात. त्यांतील चेहरा बाबासाहेबांच्या छायाचित्राशी तंतोतंत जुळतोच असे नाही. मग ती साक्ष खोटी मानावयाची काय?

मुळीच नाही. ज्या समाजाला शतकानुशतके गावाच्या पाणवठ्यावर व देवळात मज्जाव होता, त्या समाजाने गावातील सर्वांच्या वहिवाटीच्या जागी आपल्या उद्धारकाची मूर्ती उभी केली, ही त्या पुतळ्याची खरी साक्ष होय. नाकडोळे कसे होते, हे सांगण्यासाठी छायाचित्रे आहेतच. आम्हीही या गावाचे आहोत आणि ताठ मानेने येथे उभे आहोत, हे सांगण्यासाठी तो पुतळा आहे. काही प्रतिमा मनुष्य कसा दिसत होता ते सांगतात. काही प्रतिमा तो कोणाचा होता ते सांगतात. दोन्ही साक्षी मोलाच्या आहेत, मात्र त्यांची गल्लत करू नये.

मित्रहो, यापुढे कोणत्याही थोर व्यक्तीच्या प्रतिमेपुढे उभे राहाल, तेव्हा हात जोडून झाल्यावर मनाशी चार प्रश्न विचारा. ही प्रतिमा कोणी केली? ती प्रत्यक्ष पाहून केली, जुन्या चित्रावरून केली, की कल्पनेने केली? करणाऱ्याने काय पुढे आणले आणि काय सोडून दिले? आणि ती येथे कोणी, कशासाठी लावली? या प्रश्नांची उत्तरे शोधू लागलात, की भिंतीवरील तसबीर मुकी राहणार नाही.

एक काम आजच करण्यासारखे आहे. तुमच्या घरी पेटीत किंवा कपाटात जुनी छायाचित्रे असतील. पणजोबांचे एखादे असेल, आजीच्या शाळेतील एखादे असेल, गावात विहीर खणली त्या दिवशीचेही एखादे असेल. ती ओळखणारी वडीलधारी माणसे घरात आहेत, तोवर त्यांच्यापाशी बसा. प्रत्येक चित्रातील माणसांची नावे, गाव व साल विचारा आणि चित्राच्या मागील बाजूस पेन्सिलीने हलक्या हाताने लिहून ठेवा. फिलाडेल्फियाच्या त्या छायाचित्राखाली कोणी तरी तीन नावे लिहिली, म्हणून आनंदीबाई आज आपल्याला त्यात ओळखू येतात. थोरांच्या प्रतिमा जपावयास संग्रहालये आहेत. पण शेतात राबलेल्या, विहिरी खणलेल्या, मुलांना शिकविलेल्या आपल्या माणसांचे साक्षीदार आपणच आहोत. ती साक्ष आपण नोंदविली नाही, तर दुसरे कोणीही नोंदविणार नाही.

स्वाध्याय

१. प्रतिमेला साक्षीदाराची उपमा लेखकाने का दिली आहे?
२. प्रारंभीच्या छायाचित्रांतील माणसे गंभीर का दिसतात?
३. नंदलाल बोस यांच्या चित्रात चेहऱ्याचे बारकावे नसूनही गांधीजी ओळखू येतात, याचे कारण तुमच्या शब्दांत लिहा.
४. 'खूण ही दारावरील पाटी आहे' या वाक्याचा आशय स्पष्ट करा.
५. सिमेंटच्या साध्या पुतळ्याची साक्ष लेखक खरी का मानतो?
६. तुमच्या गावातील किंवा शाळेतील एक प्रतिमा निवडा. पाठात दिलेले चार प्रश्न विचारून तिच्याविषयी दहा ओळी लिहा.